बॉमी, बटाट्या मासा आणि ताईचा पिवळा स्नॉर्कल

निघायच्या आदल्या दिवशी

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला पोचलो तेव्हा जून संपत आला होता, म्हणजे तिकडचा हिवाळा. हिवाळ्यात कोण समुद्रात उतरतं असं घरच्या सगळ्यांनी विचारून झालं होतं, पण ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या पट्ट्याच्या उत्तर भागात जायचं तर मला हेच दिवस हवे होते. एकतर नोव्हेंबर ते मे तिकडच्या पाण्यात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी नावाची नखाएवढी पण महाभयंकर जेलीफिश असते, ती कटकट या दिवसांत जवळपास नसते. दुसरं म्हणजे जून-जुलैमध्ये ड्वार्फ मिंकी नावाचे छोटे देवमासे तिथे येतात. छोटे म्हणजे सहा-सात मीटरचे, उगाच गैरसमज नको. पण याच दिवसांत आग्नेयेकडून वारा असा सुटतो की बोट पाळण्यासारखी हलते, हे मात्र जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

बरोबर ताई. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, शाळेत शिकवायची, आता रिटायर्ड. कुठलाही फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि खरं खरं भरते. डायव्हिंगच्या मेडिकल फॉर्मवर दमा आहे का असा प्रश्न असतो, तिला लहानपणापासून आहे, तिने टिक केलं आणि तिचं स्कूबा, म्हणजे टँक लावून खाली जाणं, तिथेच संपलं. दम्यात बारीक श्वासनलिका आवळल्या की वर येताना फुफ्फुसातली प्रसरण पावणारी हवा आत अडकू शकते आणि फुफ्फुस फाटू शकतं, त्यामुळे यात कुणी दयामाया दाखवत नाही आणि दाखवूही नये. मला वाईट वाटलं. ती म्हणाली, "अगं मी वरून बघेन की, तू खाली जाऊन मला सांग काय काय आहे ते." मी पण अगदी मोठेपणाने सांगेन म्हणाले. हे वाक्य पुढे माझ्या अंगाशी आलं.

दिवस पहिला

आमची ट्रिप उलटी होती, म्हणजे आधी छोट्या विमानाने लिझार्ड बेटावर जायचं आणि तिथून बोटीने डाईव्ह करत करत चार दिवसांत दक्षिणेला केर्न्सला परत यायचं. विमान अगदी खालून उडतं, तासाभराचा प्रवास, आणि त्या तासात जे दिसतं त्यासाठी पाण्यात उतरलो नसतो तरी चाललं असतं. गडद निळ्यात फिरोजी रंगाचे तुकडे, कडेला पांढरी फेसाची रेघ. जवळजवळ तीन हजार वेगवेगळे रीफ मिळून हा पट्टा 2300 किलोमीटर पसरलाय. एकच लांब भिंत आहे असं मला शाळेपासून वाटत होतं, ती भिंत वगैरे काही नाहीये, ठिगळं आहेत. फक्त उत्तरेला बाहेरच्या कडेने लांबट फितीसारखे दहा रीफ ओळीने आहेत, त्यांनाच रिबन रीफ्स म्हणतात, नंबर एक ते दहा. आमचं सगळं डायव्हिंग तिथेच.

लिझार्ड बेटाला नाव दिलं कॅप्टन कुकने, 1770 साली. त्याचं जहाज जूनमध्ये रीफवर आपटलं, दुरुस्त केलं, आणि मग या प्रवाळांच्या जंजाळातून बाहेर पडायची वाट कुठे दिसते का बघायला तो ऑगस्टमध्ये या बेटाच्या टेकडीवर चढला. बेटावर त्याला सरडेच सरडे दिसले म्हणून लिझार्ड. प्रत्यक्षात त्या चांगल्या हातभर लांबीच्या घोरपडी आहेत, एक आमच्यासमोरून धावपट्टीच्या कडेने निवांत चालत गेली. मूळच्या दिंगाल लोकांचं या बेटाला जीगुरू असं नाव आहे, आणि ते कुकच्या फार फार आधीपासून.

बोटीवर ब्रीफिंग झालं ते पाऊण तास. ताईला पिवळा स्नॉर्कल, म्हणजे पालथं तरंगताना श्वास घ्यायला तोंडात धरायची नळी, मिळाला, बाकीच्यांना काळा. इथल्या क्वीन्सलँड राज्यात नियमच आहे की दमा, हृदयविकार असं काही असेल तर स्नॉर्कल करणारा माणूस लांबून ओळखू यायला हवा आणि त्याच्याकडे तरंगायला काहीतरी हवं. म्हणून पिवळा स्नॉर्कल आणि बगलेत एक फोमची लांब नळी, तिला नूडल म्हणतात. वर डेकवर एक मुलगा सतत दुर्बीण घेऊन फक्त पाण्यातली डोकी मोजत उभा. मला वाटलं ताईला अपमान वाटेल, तर ती खूश, "मला शोधायला सोप्पं."

आणि सही. पाण्यात उतरताना सही, वर आल्यावर परत सही, स्वतःच्या हाताने, नवऱ्याने बायकोची केलेली चालत नाही. याचं कारण बोटीवर कुणी फारसं बोलत नाही पण सगळ्यांना माहिती आहे. 1998 च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका डाईव्ह बोटीची मोजणी चुकली, दोघंजण पाण्यात राहिले आणि बोट परत गेली, कुणाच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. ते कधीच सापडले नाहीत. त्यामुळे सहीसाठी ओल्या हाताने पेन धरायला कुणी कुरकुर करत नव्हतं.

दुपारी कॉड होल. रिबन रीफ नंबर दहाच्या उत्तर टोकाला हा स्पॉट आहे, आणि इथे राहतात पोटॅटो कॉड, आम्ही त्यांना लगेच बटाट्या म्हणायला लागलो कारण अंगावर खरंच बटाट्याच्या आकाराचे काळपट डाग असतात. हा हेकरूच्या नात्यातला मासा, पण वाढतो दोन मीटरपर्यंत आणि वजन शंभर किलोच्या घरात. आम्ही वाळूवर गुडघे टेकून बसलो तर एकजण सरळ चालत आल्यासारखा आला, माझ्यापासून हातभरावर थांबला आणि तोंड उघडं ठेवून एक डोळा फिरवून माझ्याकडे बघत राहिला. ओठ हे एवढे. तोंडाच्या आत एक निळी पट्टी असलेला बोटाएवढा मासा साफसफाई करत होता, क्लीनर रास, दाताच्या डॉक्टरसारखा आत जाऊन बाहेर येत होता आणि हा धटिंगण जराही हलत नव्हता. मी माझ्याच बुडबुड्यांच्या आवाजात हसले आणि मास्कमध्ये पाणी गेलं. हसलं की गाल वर जातात आणि मास्कची कड उचलली जाते, हे शिकवताना सांगतात पण लक्षात कुणाच्या राहतं.

वर आले तर ताई तिच्या नूडलवर. मी बटाट्याचं वर्णन सुरू केलं. ती म्हणाली, "हो, दिसला ना मला पण, तुझ्या मागे अजून दोन होते, तू वळून बघितलंच नाहीस."

रात्री चॅलेंजर बे नावाच्या जागी नाईट डाईव्ह. काळ्या पाण्यात उडी मारायला पोटात गोळा येतोच, तो येऊ द्यायचा. टॉर्च लावला की खरे रंग दिसतात, कारण दिवसा पाच-दहा मीटर खाली गेलं की पाणी लाल रंग गिळून टाकतं आणि सगळं निळं-करडं होतं, टॉर्चचा उजेड जवळून पडतो म्हणून लाल परत लाल दिसतो. एका कपारीत पोपटमासा झोपला होता, स्वतःभोवती शेंबडासारखं पारदर्शक वेष्टण करून. पण इथली खरी गंमत म्हणजे मोठे ट्रेव्हली मासे, ते आपल्या टॉर्चचा वापर करून शिकार करतात. तुमच्या खांद्यावरून सुळकन येणार, तुम्ही ज्या छोट्या माशावर उजेड टाकलाय तो मटकावणार आणि गायब. म्हणून कुठल्याही बिचाऱ्यावर जास्त वेळ टॉर्च धरायचा नाही, असं आधीच सांगितलं होतं. मी विसरले. एकाचा जीव माझ्यामुळे गेला, इलाज नाही.

दिवस दुसरा

रात्रभर बोट हलली. मी गोळी घेतली होती तरी सकाळी डोकं जड आणि नाक थोडं चोंदलेलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मूर्खपणा.

सकाळची पहिली डाईव्ह पिक्सी पिनॅकल. आता बॉमी म्हणजे काय ते सांगते, कारण या ट्रिपमध्ये हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषेतला बॉम्बोरा शब्द, त्याचं लाडकं रूप बॉमी. समुद्राच्या तळातून सुटा वर आलेला प्रवाळाचा खांब किंवा सुळका, माथा पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली. आजूबाजूला मोकळं निळं पाणी, मध्ये हा एकटा. मोकळ्या मैदानात एकच वड असला की गावातले सगळे पक्षी तिथेच येतात ना, तसं. पिक्सीला तळापासून माथ्यापर्यंत वीस-तीस मीटर, आणि डाईव्ह नेहमी वरून खाली नाही तर खालून वर करायची, म्हणजे आधी सगळ्यात खोल जायचं आणि मग गोल गोल फिरत जिना चढल्यासारखं वर यायचं. माथ्यावर पोचेपर्यंत पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे अंगातला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून थांबणं, आपोआप होतो, तोही माशांच्या गर्दीत, दोरीला लटकून कंटाळत नाही.

तिथे एका फटीत गाईडने बोट दाखवलं. आत लाल झालरी असलेला शिंपला, आणि त्याच्या ओठावरून पांढरी वीज सर्रकन इकडून तिकडे जात होती, परत, परत. दिवाळीच्या माळेसारखी. मला वाटलं हा स्वतः प्रकाश तयार करतो, काजव्यासारखा. तर नाही. त्याच्या ओठाच्या एका बाजूला सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे असतात, ते आजूबाजूचाच उजेड परावर्तित करतात, आणि तो ओठ भराभर उलगडतो मिटतो म्हणून आपल्याला लुकलुक दिसते. मी त्या फटीपाशी इतका वेळ होते की गाईडने टँकवर टणटण वाजवून बोलावलं.

वर येताना उजवा कान कुरकुरला. तेव्हाच गप बसायला हवं होतं.

दुसरी डाईव्ह लाईटहाऊस बॉमी. उतरले, दोन मीटर, नाक दाबून फुंकर मारली, डावा कान सुटला, उजवा नाही. तीन मीटर, कानात सुई. वर आले थोडी, परत प्रयत्न, परत सुई. बाहेरून वाटतं की खोल पाण्यात कानाला जास्त त्रास होत असेल, पण उलट आहे. पृष्ठभागावर एक ॲटमॉस्फिअर दाब, दहा मीटरवर दोन, म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, पुढच्या दहात तो फक्त दीडपट. सगळा खेळ वरच्या थरातच असतो. जोर लावून फुंकायचं नाही, पडदा फाटू शकतो. बडीला, म्हणजे डाईव्हमधल्या जोडीदाराला, अंगठा दाखवला, म्हणजे वर जातेय. डायव्हिंगमध्ये अंगठा म्हणजे छान नाही हो, अंगठा म्हणजे वर, संपलं.

बोटीवरच्या इन्स्ट्रक्टरने कान बघितला, नाकाचं विचारलं, आणि म्हणाली उद्या दुपारपर्यंत पाण्याखाली नाही. मी म्हणलं नाक मोकळं करायची गोळी आहे माझ्याकडे. ती म्हणाली, खाली गेल्यावर गोळीचा असर उतरला तर हवा कानात अडकेल आणि वर येता येणार नाही, ते जास्त वाईट. गप झाले. रडूच आलं खरं सांगायचं तर. एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे घालून, वेटसूट अर्धा काढून डेकवर बसले होते ओल्या बोक्यासारखी.

ताई पिवळा स्नॉर्कल लावत होती. "चल ना, वर तर येता येतं ना तुला."

गेले. तोंड पाण्यात घातलं आणि खाली पाच मीटरवर बॉमीचा माथा, उन्हात. इतकं सगळं हललं त्याच्यावर की डोळे कुठे ठेवावेत कळेना. केशरी-गुलाबी अँथियास माशांचा ढग, लाट आली की सगळे एकदम खाली, गेली की एकदम वर. खाली टँक घेऊन मी जे निळं-करडं बघत होते ते इथे पूर्ण रंगात होतं, टॉर्च नको काही नको. प्रवाळाच्या पेशींत राहणारं शेवाळ उन्हावर जगतं आणि त्याने बनवलेल्या साखरेवर प्रवाळ जगतं, त्यामुळे गर्दी वरच्या मजल्यावरच असणार हे मला थिअरीत पाठ होतं. एक ऑलिव्ह समुद्रसाप मीटरभर लांबीचा श्वास घ्यायला आमच्या मधून वर आला, नाकपुड्या बाहेर काढल्या आणि परत खाली गेला. विषारी असतो, चौकस असतो, पण तुम्ही त्याला पकडायला गेला नाहीत तर त्याला तुमच्याशी काही घेणंदेणं नसतं. ताई माझा हात दाबून धरून होती, मला वाटलं घाबरली. ती दुसरीकडे बघत होती.

निळ्यातून एक सावली आली. आधी वाटलं बोटीचीच. मग त्या सावलीवर पांढरा खांदा दिसला.

डेकवरून ओरडले, दोरी टाकली, सगळ्यांनी दोरी धरायची. मिंकीचा नियम असा की आपण त्यांच्याकडे पोहत जायचं नाही, हात लावायचा नाही, दोरीला धरून लोंबकळायचं, यायचं असेल तर ते येतील. आणि ते येतात. ही त्यांचीच खोड, माणसं बघायला येतात. आधी एक लांबून गेला, मग दोन, मग चार. प्रत्येक फेरीला जरा जवळ. एकजण माझ्या खालून आडवा होऊन गेला, पोट वर करून, पांढरं पोट आणि त्यावर गळ्याच्या लांब लांब घड्या, आणि तो डोळा. आमच्यापासून दोन-तीन मीटर असेल. अंगावरचे पांढरे-करडे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून संशोधक त्यांना ओळखतात, प्रवाशांचे फोटोही घेतात त्यासाठी. मध्येच एक आवाज आला, जाड रबर ताणून सोडल्यासारखा, तो कानात नाही छातीत ऐकू आला. माझ्या बिघडलेल्या कानाला सुद्धा.

दीड तास. दात वाजायला लागले, पाणी चोवीस अंशांच्या आसपास, ऐकायला गरम वाटतं पण दीड तास न हलता लोंबकळून बघा. ताईने एकदाही डोकं वर काढलं नाही. तिचा दम्याचा पंप डेकवर त्या मुलाच्या हातात तयार होता, लागला नाही.

खाली जे डाईव्ह करत होते त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना मिंकी दिसलेच नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून बारीक गोगलगाई शोधत होते. वर येऊन त्यांना कळलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते आणि मी कान दुखत असूनही फार सात्विक चेहरा करून बसले.

दिवस तिसरा

फार काही सांगण्यासारखं नाही. वारा वाढला, दोन जागा रद्द झाल्या. सकाळी एका रीफच्या आडोशाला उथळ पाण्यात स्नॉर्कल केलं. एक राक्षसी शिंपला, मीटरभराचा असेल, आमची सावली पडली की ओठ आत ओढायचा, ताईने चार वेळा सावली पाडून बघितली.

इथे एक पट्टा होता जिथे हरणाच्या शिंगांसारखं प्रवाळ तुटून ढिगाऱ्यासारखं पडलं होतं, वर तपकिरी शेवाळ. कुणी काही बोललं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात पाणी जास्त तापलं तेव्हा सगळ्यात मोठा फटका या उत्तर भागाला बसला होता, नंतर 2017, 2020, 2022, 2024 असं ब्लीचिंग होतच राहिलं. पाणी तापलं की प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नाही, उपाशी. पाणी वेळेत गार झालं तर शेवाळ परत येतं, नाही तर संपलं. त्याच ढिगाऱ्यात तळहाताएवढ्या नव्या जांभळ्या फांद्या पण होत्या, मोजल्या तर बऱ्याच. यावरून रीफ सुधारतंय की संपतंय असं दोन्ही बाजूंनी भांडता येईल, बोटीवर रात्री लोक भांडलेही. मी आपली आलं टाकलेलं गरम पाणी पीत बसले.

संध्याकाळी इन्स्ट्रक्टरने परत कान बघितला आणि उद्यासाठी हो म्हणाली, पण पंधरा मीटरच्या खाली नाही.

दिवस चौथा

स्टीव्हज् बॉमी. रिबन रीफ नंबर तीनजवळ, आणि माझ्या मते या सगळ्यांचा राजा. कान लहान बाळासारखा सांभाळत उतरले, अर्धा अर्धा मीटर करत, उजवा कान पुट्ट करून सुटला तेव्हा मास्कच्या आत डोळे भरून आले, ते पाणी कसं काढायचं ते मात्र कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. मोठ्या डोळ्यांच्या ट्रेव्हलींचा थवा चांदीच्या भिंतीसारखा उभा होता, मी आत शिरले तर वाट झाली आणि मागे बंद झाली. एका खडकाकडे गाईड बोट दाखवत राहिला, मला खडकच दिसत होता, मग खडकाने तोंड उघडलं, स्टोनफिश. अंगावर शेवाळ, पाठीवर विषारी काटे. म्हणून कुठेही हात टेकायचा नाही, प्रवाळासाठी नाही तर निदान स्वतःसाठी.

माथ्यावर ॲनिमोनमध्ये, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात, क्लाऊनफिशचं कुटुंब. त्यांच्यात मोठी असते ती मादी, ती मेली की नराचीच मादी होते आणि पुढचा नंबरवाला नर होतो. हे सांगायला मी वर बघितलं. वर चमकत्या छतावर ताईचे दोन पाय, नूडल आणि पिवळा ठिपका. मी हात हलवला. तिने पण हलवला, आणि मग बोटाने माझ्या डावीकडे दाखवलं. वळले तर कासव, माझ्या फिनला लागेल इतक्या जवळून चाललं होतं.

शेवटची सही केली. रात्रभर बोट हलली, यावेळी गोळी आणि झोप दोन्ही लागलं.

केर्न्स

डाईव्ह संपल्यावर निदान 18 तास विमान नाही, आम्ही पूर्ण एक दिवस ठेवला होता. डोंगरावरच्या गावाला रेल्वेने जाऊ असं ताईच्या डोक्यात होतं, पण उंचीवर जाणंही टाळायचं असतं, रक्तातला नायट्रोजन तिथे पण बुडबुडे करायला बघतो. हा नियम माझ्यासाठी, तिला जाता आलं असतं. नाही गेली. केर्न्सला गावात पोहण्यासारखा किनारा नाही, ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो, म्हणून समुद्राला लागून खाऱ्या पाण्याचं मोठं उथळ तळं बांधलंय, फुकट. पोरंसोरं डुंबत होती. मी पायऱ्यांवर पाय सोडून बसले आणि ताई पिशवीतून तिचा मास्क काढून चक्क आत गेली, कमरेएवढ्या पाण्यात तोंड घालून पालथी तरंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग उभी राहिली, मास्क कपाळावर सरकवला आणि तिथूनच मला ओरडून म्हणाली,

"काहीच नाहीये गं इथे."